मंगल कार्यालयातला फ्लॅश आणि चेहऱ्यावरचा मऊ प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, साखरपुडा, बारसं, साठीशांत. जागा बंदिस्त, माणसं दाटीवाटीनं उभी, स्टेजवर जांभळा उजेड आणि कॅमेऱ्यावर बसवायचा एक फ्लॅश. अशा ठिकाणी चेहरे टिपणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असू द्या. फ्लॅशचं डोकं मात्र वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं हवं. ते फिरत नसेल तर पुढची निम्मी उत्तरं वाचून हळहळच वाटेल.

फ्लॅश मारला की चेहरा चपटा आणि तेलकट का दिसतो?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे फ्लॅश लेन्सच्या अगदी डोक्यावर बसलेला असतो. प्रकाश नजरेच्या दिशेनंच जातो, त्यामुळे नाक, गाल, हनुवटी यांच्या सावल्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. सावली नाही म्हणजे उठाव नाही. दुसरं कारण फ्लॅशच्या काचेचा आकार. ती जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंद असते. दोन मीटरवर उभ्या असलेल्या नवरीच्या दृष्टीनं तो एक ठिपका आहे. ठिपक्यातून आलेल्या प्रकाशाच्या सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी येते आणि कपाळावरचा घाम बारीक पांढऱ्या डागांसारखा चमकतो. जुन्या अल्बममध्ये पाहुण्यांच्या कानामागे भिंतीवर जी काळी सावली दिसते, ती याच ठिपक्याची.

प्रकाश मऊ होतो तो त्याचा उगम चेहऱ्याच्या मानानं मोठा असला की. हे मोठेपण तिथून पाहिल्यावर दिसणारं मोठेपण आहे. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढं लावायची, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी) एक मीटरवरून छान मऊ प्रकाश देतो, पाच मीटरवर नेला की तोच कडक होतो. सूर्य एवढा अवाढव्य, पण लांब असल्यामुळे दुपारी बारा वाजता तोही ठिपकाच. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती इथं जरा ताणून सांगितली.

मग फ्लॅशला लावायची पांढरी प्लॅस्टिकची टोपी घ्यावी का? सगळे लावतात.

लावतात खरे. टोपीनं फ्लॅशचा आकार फारसा वाढत नाही, प्रकाश फक्त चहूबाजूंना उधळला जातो. खोली लहान असेल, भिंती आणि छत पांढरं असेल, तर तो उधळलेला प्रकाश भिंतींवरून परत येतो आणि चेहरा मऊ दिसतो. श्रेय टोपीला मिळतं, काम भिंती करतात. मोठ्या हॉलमध्ये किंवा लॉनवर परत पाठवणारं काही नसतं. तिथं टोपी एक-दीड स्टॉप प्रकाश खाते (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला), सेल लवकर संपवते आणि सावली जवळपास होती तशीच राहते.

पडताळून बघायचं असेल तर घरीच करा. एकदा टोपी लावून सरळ, एकदा टोपी काढून फ्लॅशचं तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे. नाकाच्या सावलीची कड बघा.

छतावर फ्लॅश मारतो, पण डोळ्यांत काळे खड्डे येतात. काय चुकतंय?

डोकं सरळ वर केलं की प्रकाश माणसाच्या टाळूवर बरसतो. भुवईची सावली डोळ्यांत पडते, मुंडावळ्यांची कपाळावर, आणि नथीची थेट ओठावर. पाहुणे थकलेले दिसतात, आणि लग्नात ते तसेही थकलेले असतातच.

फ्लॅशचं तोंड कुठं वळवायचं हे ठरवायची सोपी रीत अशी: या चेहऱ्याला खिडकी असती तर ती कुठं हवी होती, हे स्वतःला विचारा आणि तिथल्या भिंतीकडे फ्लॅश वळवा. बहुतेक वेळा उत्तर ‘माझ्या डाव्या किंवा उजव्या खांद्यामागे, थोडं वर’ असंच येतं. म्हणजे फ्लॅश पुढं न मारता मागं मारायचा. पहिल्यांदा हे करताना विचित्र वाटतं, शेजारचा काकाही सांगतो की, ‘अहो, फ्लॅश उलटा झालाय.’ पण तुमच्या मागची भिंत आणि छत जिथं मिळतात तो कोपरा उजळला, की दीड-दोन मीटरचा प्रकाशाचा पडदा तयार होतो. तो कुठल्याही बाजारी डिफ्यूझरपेक्षा मोठा असतो आणि फुकट असतो.

नवरी एका बाजूला तोंड करून बसली असेल तर ती बघतेय त्या बाजूची भिंत वापरा. चेहऱ्याचा जो भाग तुमच्याकडे आहे तो किंचित सावलीत राहू द्या. उठाव तिथूनच येतो. दोन्ही गाल सारखे उजळले की परत पासपोर्ट फोटो.

फ्लॅशमध्ये एक छोटं पांढरं कार्ड असतं, ते वर ओढून ठेवलं तर डोळ्यांत बारीक चमक येते. त्याचा उपयोग तेवढाच, त्याच्याकडून मऊपणाची अपेक्षा ठेवू नका.

बाउन्स करताना, म्हणजे फ्लॅश भिंतीवर किंवा छतावर आपटवून मारताना, सेटिंग काय ठेवू?

सुरुवात करायला: मॅन्युअल मोड, शटर १/१००, एफ ४ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ १६०० (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता), फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच मोजून ठरवेल असा. मग पहिले दोन-तीन फोटो बघून बदला.

आयएसओ इतका कशाला, असा पुढचा प्रश्न असतोच. हिशेब बघा. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्यानं भागलं की प्रकाश किती मीटर पोचेल ते कळतं. चांगल्या फ्लॅशचा हा नंबर पस्तीस मिलिमीटरच्या झूमला, आयएसओ १०० वर, साधारण ३६ असतो. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं ते दोनशे मिलिमीटरच्या झूमचं, ते विसरा. आयएसओ १६०० केलं की हा आकडा चौपट, म्हणजे १४४ होतो. भिंतीवर आपटून विखुरताना तीन स्टॉप गेले असं धरलं तर उरतात पन्नासच्या आसपास. त्याला एफच्या चारनं भागा. बारा मीटरचा प्रवास जमेल, तोही फ्लॅश पूर्ण जोरात उडवून. तुमच्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून चेहऱ्यापर्यंत मिळून सहा मीटर अंतर असेल, तर पाव शक्तीत काम होतं. अंतर निम्मं झालं की लागणारा प्रकाश पावपट होतो, म्हणून. पाव शक्तीत फ्लॅश पटकन भरतो, तापत नाही आणि सेल रात्रीच्या पंगतीपर्यंत टिकतात. आयएसओ ४०० वर हट्टानं राहिलात तर हाच फ्लॅश दर वेळी पूर्ण शक्तीनं उडेल आणि नेमका हार घालताना भरत बसेल.

आजच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ३२०० ची खरखर (नॉइज, म्हणजे फोटोतले बारीक दाणे) छपाईत दिसत नाही. कमी प्रकाशात काढून नंतर संगणकावर उजळ केलेल्या फोटोत मात्र ती हमखास दिसते.

मागची भिंत कुठली? मागं तर अर्धं गाव बसलंय, त्यांच्या डोळ्यांत फ्लॅश जातो.

जातो, आणि दर दोन मिनिटांनी डोळे दिपले की ते वैतागतात. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी काळी फोमशीट मिळते. तिचा हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा तुकडा कापा आणि केसांच्या रबरनं फ्लॅशच्या डोक्याला बांधा, माणसांच्या बाजूनं. प्रकाश भिंतीच्या वरच्या भागाकडे जातो, माणसांच्या डोळ्यांकडे जात नाही. हाच तुकडा दुसऱ्या बाजूला फिरवला तर फ्लॅशचा थेट प्रकाश नवरीच्या गालावर पडत नाही आणि फक्त भिंतीवरचा मऊ प्रकाश पोचतो. कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या वस्तूंमध्ये पैशाला सर्वाधिक जागणारी वस्तू माझ्या मते हीच.

आमच्या गावच्या कार्यालयात छत पंचवीस फूट उंच आहे, वर पत्रा आहे. तिथं काय?

तिथं छत विसरा. सात मीटर वर आणि तितकंच खाली, वर गंजका पत्रा. हाती काही लागत नाही.

आधी बाजूची भिंत बघा. ती दहा-बारा फुटांत असेल तर काम झालं. नसेल तर पांढरं काहीतरी जवळ आणा. सनबोर्डचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा सोबत्याच्या हातात द्या, तो तुमच्या बाजूला थोडा वर धरेल आणि फ्लॅश त्यावर मारा. सनबोर्ड नसेल तर पांढरा झब्बा घातलेला माणूस शोधा. हा विनोद नाही. तुमच्या डाव्या हाताला पाच-सहा फुटांवर पांढऱ्या झब्ब्यातले आजोबा उभे असतील, तर त्यांच्या छातीवर मारलेला फ्लॅश समोरच्या चेहऱ्यावर सुरेख परत येतो. त्यांना सांगून करा आणि तोंडावर जाणार नाही याची काळजी घ्या.

एवढंही जमत नसेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायची वेळ आली. ते पुढं स्टँडच्या प्रश्नात.

मंडपात वर गुलाबी-पिवळं कापड आहे. फोटो गुलाबी येतात.

प्रकाश ज्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन येतो. फिकट पिवळी किंवा क्रीम भिंत चालते, उलट चेहऱ्याला थोडी ऊब येते आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, एका झटक्यात जुळतो. गुलाबी कापड नुसतं वर असेल तर अवघड नाही, पण गुलाबी वर आणि पिवळं बाजूला असेल तर एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा होतो. ते नंतर नीट निस्तरत नाही.

जुन्या कार्यालयांतल्या पोपटी ऑइल पेंटच्या भिंतीवर कधीच बाउन्स करू नका. हिरव्या झाकेत माणसं आजारी दिसतात, हळद लावलेली तर जास्तच. आणि ऑइल पेंट चकचकीत असल्यामुळे प्रकाश पुरता विखुरतही नाही.

स्टेजवर जांभळे-निळे पार लाईट (रंगीत एलईडीचे गोल दिवे) आणि शार्पी (फिरत्या झोताचे दिवे) फिरत असतात. चेहऱ्यावर ते रंग नकोत.

पहिला उपाय तांत्रिक नाही. लाईटवाल्याला सुरुवातीलाच भेटा, चहा पाजा आणि सांगा की हार घालताना आणि ग्रुप फोटोच्या वेळी समोरचे पार पांढरे किंवा पिवळसर ठेव, मागचे कितीही जांभळे कर. बहुतेकजण ऐकतात. त्यांनाही त्यांच्या कामाचे चांगले फोटो हवे असतात. पार्श्वभूमीवर रंग आणि चेहऱ्यावर स्वच्छ प्रकाश, ही वाटणी झाली की सजावटही दिसते.

नाही ऐकलं तर स्टेजवरचा उजेड दाबावा लागतो. शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक वेगापर्यंत (फ्लॅशसोबत नीट चालणारा सर्वांत जलद वेग) न्या, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. आयएसओ कमी करा आणि फ्लॅशला जास्त काम करू द्या. यासाठी फ्लॅश चेहऱ्याच्या जवळ असावा लागतो, लांबच्या भिंतीवरून एवढा जोर येत नाही. हाय स्पीड सिंक (त्याहून जलद शटरला फ्लॅश चालवायची सोय) बंद ठेवा. बंदिस्त जागेत त्याची गरज नसते आणि त्यात फ्लॅशचा जोर बराच वाया जातो.

फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते एलईडीच्या लुकलुकण्याचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बरेचदा पट्टे जातात. काही एलईडी आपल्याच तालावर लुकलुकतात, त्यांच्यासाठी शटर थोडं मागंपुढं करून बघावं लागतं.

पिवळ्या बल्बांच्या उजेडात फ्लॅश निळा दिसतो, त्याचं काय?

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा. फ्लॅशचा प्रकाश ५५०० केल्विनच्या जवळ, बल्बांचा ३००० च्या आसपास. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावा. पूर्ण जेलनं फ्लॅश साधारण बल्बांच्या रंगावर येतो, अर्ध्या जेलनं अधेमधे. मी बहुतेक वेळा अर्धा लावतो. चेहरा स्वच्छ राहतो, मागचे दिवे सोनेरी राहतात. पूर्ण जेल पाऊण-एक स्टॉप प्रकाश खातो, हे धरून चला. होमाशेजारी बसलेल्या जोडप्यावर तर जेलशिवाय फ्लॅश मारूच नका, अग्नीचा रंग फिका पडतो आणि धुराचा पांढरा ढग होतो. तिथं फ्लॅश अगदी बाजूनं आणि अगदी हलका.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून गर्दीत स्टँडवर लावू का? लोक अडखळतात.

नाचात, हळदीत, वरातीत, पंगतीत स्टँड लावू नका. लहान मुलं पायांत येतात, साड्यांचे पदर अडकतात आणि वर छत्री (फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री) असलेला स्टँड पंख्याच्या वाऱ्यानंही कलतो. स्टेजच्या कडेला, जिथून कुणी जात नाही अशा जागी लावता येईल. तिथंही पायांवर वजन टाका. पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोरीनं बांधला तरी चालतो. त्याहून बरं म्हणजे सजावटीच्या खांबाला किंवा ट्रसला (दिवे टांगायचा लोखंडी सांगाडा) क्लॅम्पनं फ्लॅश लावणं, पण डेकोरेटरला विचारून.

चालत्या गर्दीत माणसासारखा स्टँड नाही. एक पोरगा, हातात मोनोपॉड (एका पायाचा दांडा), टोकाला फ्लॅश आणि त्यावर घडी होणारा साठेक सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स. त्याला तीन गोष्टी शिकवा. प्रकाश चेहऱ्यापेक्षा फूट-दीड फूट वर धर. कॅमेऱ्यापासून बाजूला ये, साधारण पंचेचाळीस अंशांवर. आणि चेहऱ्यापासून एक-सव्वा मीटरवर राहा, मी हललो तरी तू चेहरा सोडू नकोस.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी पाळली जाणारी. पोरगा लाजून मागं सरतो. एका मीटरवरून दोन मीटरवर गेला की प्रकाश पावपट होतो, आणि सॉफ्टबॉक्स चेहऱ्याला निम्म्या रुंदीचा दिसतो, म्हणजे सावलीही कडक. दोन्हीकडून नुकसान.

याच नियमाचा दुसरा ताप असा, की नवरी सॉफ्टबॉक्सपासून एक मीटरवर आणि करवली मध्येच अर्ध्या मीटरवर उभी असेल, तर करवलीवर चौपट प्रकाश पडतो. ती पांढरीफटक होते. अशा वेळी सॉफ्टबॉक्सचं तोंड सरळ नवरीकडे न ठेवता थोडं तिच्या पलीकडे वळवा. जवळच्या माणसावर फक्त प्रकाशाची कड पडते, लांबच्यावर मधला जोरकस भाग, आणि दोघी बऱ्यापैकी सारख्या येतात.

छत्री बरी की सॉफ्टबॉक्स?

छत्री स्वस्त, हलकी, क्षणात उघडते, पण प्रकाश सगळीकडे सांडते. लहान पांढऱ्या खोलीत ते फायद्याचंच ठरतं, भिंतींवरून परत आलेला प्रकाश सावल्या भरून काढतो. मोठ्या स्टेजवर ग्रुपसाठीही छत्रीच. सॉफ्टबॉक्स प्रकाश आवरून धरतो, म्हणून गर्दीत एकट्या चेहऱ्यासाठी तो. एकच घ्यायची ऐपत असेल तर आधी छत्री घ्या.

रिसेप्शनला तीनशे पाहुणे रांगेनं येतात. प्रत्येक वेळी फ्लॅश बदलत बसू का?

मुळीच नाही. उलट फ्लॅशच्या दृष्टीनं ही सगळ्यांत सोपी वेळ, कारण नवरा-नवरी हलत नाहीत. दोन छत्र्या, स्टेजच्या दोन्ही बाजूंना, डोक्यांपेक्षा बऱ्याच वर, थोड्या खाली कललेल्या. फ्लॅश मॅन्युअलवर. एफ ५.६ ला एक चाचणी फोटो घ्या, शक्ती जुळवा आणि मग हात लावू नका. तुमच्या पायांखाली कार्पेटवर चिकटपट्टीची खूण करून घ्या.

छत्र्या इथं मुद्दाम मागं न्यायच्या. प्रकाश एका मीटरवर असेल तर जवळच्या मामांवर आणि टोकाच्या आत्यावर पडणाऱ्या प्रकाशात फार फरक पडतो. चार मीटरवर असेल तर एक मीटर पुढं-मागं झालेल्या माणसांत जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा फरक राहतो. मऊपणा थोडा जातो, पण ग्रुप फोटोत कुणी अंधारात राहिलेलं घरच्यांना जास्त खुपतं. दोन रांगा झाल्या तर एफ ८ करा आणि मागच्यांना सांगा, ‘मला तुमचे दोन्ही डोळे दिसले पाहिजेत.’ एक डोळा झाकला गेला असेल तर समोरच्याची सावलीही तिथंच पडणार.

मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता पांढऱ्या गोळ्यांसारख्या येतात.

कॅमेऱ्याच्या जवळून उडणाऱ्या तांदळांवर कॅमेऱ्यावरून सरळ मारलेला फ्लॅश सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पडतो. फ्लॅश बाजूनं आला की जवळचे दाणे अंधारात राहतात आणि जोडप्याच्या आसपासचे उजळतात. म्हणजे हवी तीच अक्षता दिसते.

अंतरपाटाबद्दलही इथंच सांगून टाकतो, कारण तो फार कमी जण वापरतात. नवरा-नवरीच्या मध्ये पांढरं कापड ताणून धरलेलं असतं. नवरीचा चेहरा टिपताना तुमचा फ्लॅश बाजूच्या भिंतीऐवजी अंतरपाटावर वळवा. ती त्याच्याकडेच तोंड करून उभी असते, मान किंचित झुकलेली, आणि कापडावरून परत येणारा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर समोरून पडतो. कापड पातळ असल्यामुळे थोडा प्रकाश पलीकडे नवऱ्यालाही मिळतो. शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर होईल तेव्हा मात्र तो उजेड गेलेला असतो, म्हणून आठव्या मंगलाष्टकाआधीच फ्लॅश भिंतीकडे परत वळवा. हार घालणं काही तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि गुरुजींच्या डोळ्यांसमोर, पोथीवर, फ्लॅश मारू नका. ते वाचत असतात.

चष्म्यात फ्लॅश दिसतो.

प्रकाश ज्या कोनात काचेवर येतो त्याच कोनात परत जातो. उगम वर किंवा बाजूला नेला की प्रतिबिंब लेन्सच्या वाटेत येत नाही. गंमत अशी की उगम जितका मोठा, तितकी तो चष्म्यात दिसण्याची शक्यता जास्त. ठिपक्याऐवजी अख्ख्या भिंतीची पांढरी झिलई काचेवर येते. अशा वेळी बाजू बदला. उजव्या भिंतीऐवजी डावी. नाहीतर चष्म्याच्या दांड्या कानांवर केसभर उचलायला सांगा, काचा खाली कलतात. हनुवटी थोडी खाली घेतली तरी चालतं.

मेकअप केलेल्या नवरीचा चेहरा फ्लॅशमध्ये पिठासारखा पांढरा येतो.

सिलिका असलेली बारीक पावडर आणि टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन समोरून आलेला प्रकाश थेट लेन्सकडे परत फेकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, सरळ फ्लॅशमध्ये दिसतं. बाउन्सनं बरंच कमी होतं. तरीही मेकअपच्या खोलीतच एक फोटो सरळ फ्लॅशनं काढून मेकअप करणाऱ्या ताईंना दाखवा. तिथं ब्रश हातात असतो, स्टेजवर नसतो.

‘मुलगी जरा गोरी दिसू द्या’ असं सांगतात. फ्लॅश वाढवू का?

नाही. फ्लॅश वाढवला की कपाळ आणि नाक जळतात, पैठणीची जर सपाट होते आणि मान वेगळ्या रंगाची दिसते. सावळ्या कांतीवर मोठ्या, बाजूनं आलेल्या प्रकाशाची जी रुंद झळाळी उमटते, तशी गोऱ्या कातडीवर उमटतच नाही. ती दाखवा. एक नीट प्रकाशातला फोटो कॅमेऱ्यावर दाखवला की ही मागणी बहुतेक वेळा तिथंच संपते. नाही संपली तर मला त्यावर उपाय ठाऊक आहे असं नाही, आणि शोधायचीही इच्छा नाही.

टीटीएल की मॅन्युअल?

तुम्ही आणि माणसं दोघंही हलत असाल तर टीटीएल. एक हलत नसेल तर मॅन्युअल. टीटीएल पांढऱ्या शेरवानीला घाबरून प्रकाश कमी करतं आणि काळ्या सूटमागं धावून वाढवतं. म्हणून फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (टीटीएलनं ठरवलेला जोर कमी-जास्त करायचं बटण) बोटाखाली असू द्या.

माझा लांबचा फ्लॅश मध्येच आपोआप उडतो.

तो ऑप्टिकल स्लेव्हवर आहे, दुसऱ्याचा फ्लॅश बघून उडतोय. लग्नात फ्लॅशवाले पाहुणे असतातच. रेडिओवर न्या, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरच्या रेडिओ इशाऱ्यानं तो उडेल. रेडिओवर असूनही उडत असेल तर दुसऱ्या फोटोग्राफरचा चॅनेल आणि तुमचा एकच आहे. गोडॉक्स कंपनीच्या फ्लॅशना ३२ चॅनेल असतात, शिवाय वेगळा आयडीही देता येतो. नवीन ट्रिगर खोक्यातून काढून जसाच्या तसा वापरणारे सगळे एकाच चॅनेलवर सापडतात.

आणि माझा उडतच नाही.

सायलेंट शटर बंद करा. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश चालत नाही.

बारशाला बाळावर फ्लॅश मारला तर चालतो का?

फ्लॅशच्या पुस्तिकांतच लिहिलेलं असतं की डोळ्यांजवळ मारू नये आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत किमान एक मीटर अंतर राखावं. सरळ फ्लॅश नकोच. छत किंवा भिंत, कमी शक्ती, आणि आईला आधी विचारून. पाळण्यात बाळ आडवं असतं, त्यामुळे छतावरचा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर समोरून पडतो. मोठ्यांच्या डोळ्यांत खड्डे पाडणारं छत इथं फार छान काम करतं. आजी नको म्हणाली तर नको. खिडकीचे पडदे उघडा, आयएसओ वाढवा.

मोबाईलनं काढतोय. काही करता येईल?

मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. दुसऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च लावून तो शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या कागदावर मारायला सांगा, चेहऱ्याच्या अगदी जवळून. उजेड थोडाच असतो, पण बाजूनं येतो. व्हिडिओवाल्याचा एलईडी जवळपास असेल तर त्याच्या उजेडात माणूस उभा करा. फक्त त्याच्या चौकटीत तुमचं डोकं येऊ देऊ नका.

पैसे थोडे आहेत. आधी काय घेऊ?

डोकं पूर्ण फिरणारा एक फ्लॅश. काळ्या फोमचा तुकडा. चांगले रिचार्जेबल पेन्सिल सेल, किमान दोन जोड, किंवा लिथियम बॅटरीचा फ्लॅश. साध्या अल्कलाइन सेलवर फ्लॅश भरायला वेळ घेतो आणि मंगलाष्टकांच्या मध्यावर दम टाकतो. मग ट्रिगर, मग छत्री, मग दुसरा फ्लॅश. परगावी विमानानं जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकलेल्या चालत नाहीत. आणि पांढरी टोपी फ्लॅशसोबत फुकट आली असेल तर मेकअपच्या खोलीसाठी राहू द्या. ती खोली लहान असते आणि तिथल्या भिंती बहुधा पांढऱ्या असतात.